साडूची आयडी

माझ्या साडूचे पैसे वेळेवर यायचे. एवढ्या एका गोष्टीनं माझी तीन वर्षं नासवली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आष्टीकडचा. पिकअप चालवायचा, कांदा, शेळ्या, कडबा, जे मिळेल ते बाजारात पोचवायचा. मी माजलगावचा, तहसीलच्या मागं माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. दोघंही चकलांब्याचे जावई, मी थोरला आणि तो धाकटा. दोघांच्याही मोबाइलमध्ये क्रिकेटच्या साइटी होत्या, पण हे असं एका दमात सांगितलं की मला तेव्हा राग यायचा. तो जुगार खेळायचा. मी ट्रेडिंग करायचो.

हसू नका. फरक होता. मॅच चालू असताना प्रत्येक टीमचा एक भाव चालू असतो, मोंढ्यात सोयाबीनचा असतो तसा. विकेट पडली की एकदम हलतो, षटकार बसला की पुन्हा हलतो. मी स्वस्तात घ्यायचो, महागात विकायचो आणि मॅच संपायच्या आत बाहेर पडायचो. मग कुणीही जिंको, माझ्या पदरात चिमूटभर पडलेलंच असायचं. त्यासाठी खेळपट्टी, हवा, कुणाच्या खांद्याला काय झालंय, सगळं वाचावं लागतं. मी वाचायचो. दुकानात गिऱ्हाईक जातीच्या दाखल्यासाठी खोळंबलेलं असायचं आणि मी कुठल्यातरी दूरदेशीच्या मैदानावर वारा कुठून वाहतो ते बघत असायचो.

आणि माझा साडू काय करायचा? त्याला जो खेळाडू आवडायचा त्याच्या टीमवर लावायचा. एकदा म्हणाला, "साडूभाऊ, त्याची मिशी बघा की. अशी मिशी असलेला माणूस हरंल का?" त्या दिवशी ती टीम जिंकली. मला जेवण गेलं नाही.

बरं, जिंकणं-हरणं सोडा. माझं खरं भांडण साइटींशी होतं. ह्या साइटी म्हणजे एक नंबर बेभरवशाच्या. आयडी द्यायला एजंट लागतो. तो व्हॉट्सॲपवर नाव आणि पासवर्ड पाठवतो, त्याच्याकडं पैसे टाकायचे, त्याच्याकडूनच मागायचे. पुढं कोण आहे, कुठं बसलाय, कुणाला ठाऊक नाही. विकेट पडायला आणि साइट लटकायला एकच गाठ पडायची. स्क्रीनवर ते चक्र फिरत राहायचं आणि फिरायचं थांबेपर्यंत भाव निघून गेलेला असायचा. कधी माझा सौदा फायद्यात गेला की निरोप यायचा, भाव चुकून दाखवला गेला होता, सौदा रद्द. तोट्यात गेलेला सौदा मात्र कधी चुकून झालेला नसायचा. पैसे मागितले की "सर, प्रोसेसमध्ये आहे". आणि मग एका सकाळी पासवर्डच चालेनासा व्हायचा. तक्रार कुठं करणार? पोलिसात गेलं तर आधी आपल्यालाच बसवतील.

मी तोंड देत होतो आपल्या परीनं. दोन मोबाइल, दोन कंपन्यांची सिमं. एका साइटवर घ्यायचं आणि दुसरीवर विकायचं. प्रत्येक सौद्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग. संध्याकाळी सगळं काढून घ्यायचं, साइटवर पैसा मुक्कामाला ठेवायचा नाही. एवढं करूनही एकामागून एक आयडी बंद व्हायच्या. शेवटी तर माझं नाव आणि नंबर एजंटांच्या ग्रुपवरच फिरले. गेवराई, माजलगाव, बीड, कुठंही विचारा, उत्तर एकच, "तुमाला न्हाई भेटणार, भाऊ."

आणि इकडं साडूचे पैसे तासाभरात यायचे. आले की तो स्क्रीनशॉट पाठवायचा, बायकोकडच्या सगळ्या माणसांचा जो ग्रुप होता त्यावर. खाली मेव्हण्यांचे अंगठे, चुलत सासऱ्यांचा नमस्कार. सासरे अंगठा दाबायला शिकले ते ह्याच्या स्क्रीनशॉटवर. मी फॉर्मची शेवटची तारीख टाकायचो, त्याला कुणी कुत्रं विचारत नव्हतं.

मग अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयांचे दिवस फिरतात. सासुरवाडीचं बोलावणं येतं, पुरणाचे धोंडे करतात, तुपात बुडवून वाढतात, जावयाला ओवाळतात, कपडे करतात. जावई हा साक्षात नारायण, असं ते मानतात. मला मानायला हरकत नव्हती. फक्त नारायण दोन होते ही अडचण होती.

आम्ही चकलांब्याला पोचलो तेव्हा साडू आधीच येऊन बसला होता. माझ्या सासऱ्यांची मेंढरं आहेत, थोडी कोरडवाहू जमीन आहे. त्यांच्या घरी पाहुण्याला घोंगडं अंथरतात आणि नव्या घोंगड्याचा मान असतो. नवं घोंगडं साडूखाली होतं. मला जुनं मिळालं, तेही टोचणारं. बायको म्हणाली, "आवं, ते आधी आले म्हणून दिलं असंल." मी म्हणालो, थोरला कोण आहे? ती आत निघून गेली.

बसल्या बसल्या मी साडूला न्याहाळायला लागलो. जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते असं म्हणतात. माझी होतीच. अंगणात पिकअप दिसत नव्हती. विचारलं तर म्हणाला, "यष्टीनं आलो." म्हणजे हा पिकअप विकून मोठी गाडी घेणार, मी ओळखलं. आधीपेक्षा वाळला होता. पैसा आला की माणसं सकाळी पळायला जातात, मला माहीत आहे. मेहुणीच्या हातात पाटल्या नव्हत्या, नुसत्या काचेच्या बांगड्या. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात मोठी माणसं. तिनं सांगितलं की आष्टीतली खोली सोडली, आता रानात राहतो. मी मनात म्हणालो, घ्या, ह्यानं फार्महाऊस बांधलं.

त्याला दर थोड्या वेळानं फोन यायचे. नंबर बघायचा आणि उठून मेंढरांच्या वाघरीकडं, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीकडं, जाऊन बोलायचा. हळू आवाजात. मला इतके फोन कधी आले नाहीत.

जेवताना सासूबाईंनी आग्रह केला तो त्याला. "घ्या की पाव्हणं, अजून एक धोंडा. लई वाळलाव." मी माझ्या ताटातला धोंडा तुपासकट उलटा-पालटा करून पाहिला, आकारानं लहान होता की मलाच तसा वाटला, देव जाणे. ओवाळताना निरांजन आधी माझ्यासमोर फिरलं, तेवढाच काय तो माझा विजय. पण अंगावर टाकायला त्याला आणि मला एकाच ताग्यातलं कापड निघालं. सासऱ्यांनी विचारलं ते त्यालाच, "आज कोण जिंकंल?" त्या घरात भावाचं शास्त्र ज्याला कळतं तो मी होतो आणि माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. त्याची साइट मला पाहिजे होती. त्याला विचारणं म्हणजे नाक घासणं, ते मी मेलो तरी केलं नसतं. पण त्याचा एजंट कोण ते मला बोलता बोलता कळलं होतं. गेवराईच्या स्टँडपासून जवळ एकाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, आणि तोच आयडीही देतो. बायकोला सांगितलं की दुकानासाठी कागदाची रिमं बघायची आहेत, आणि गेवराईला गेलो.

एजंट तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मी नाव न सांगता साडूचं नातं सांगितलं. त्यानं नंबर मागितला, मोबाइलमध्ये बघितला आणि हसला.

"तुमी व्हय ते माजलगाववाले. तुमाला न्हाई देता येत."

"कावून?"

"तुमी जिंकता."

"त्यो बी जिंकतो की! त्याला तर तासात पैसे देताव."

त्यानं तार खाली ठेवली. माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी दहावी नापास झाल्याचं त्याला आत्ताच कळलं होतं. चहा मागवला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी काढलेलं बघितलं. टाकलेलं बघितलं का? त्यो कवातरी जिंकतो. जिंकला की आमी तासात देतो, कारण दुसऱ्या दिशी त्यो त्येच्या दुप्पट घिऊन येतो. असं गिऱ्हाईक साइट जपती. तुमी रोज थोडं थोडं खाताव आन संध्याकाळी झाडून नेताव. तुमच्यासारख्याला कोण ठिवील?"

मी चहा प्यायलो. सांगायला हरकत नाही, चहा संपेपर्यंत मला फार आनंद झाला. तो हरत होता. तीन वर्षं तो हरत होता आणि मी उगाच जळत होतो. मी जिंकत होतो म्हणून मला हाकललं जात होतं. गल्लीत पेढे वाटावेत असं वाटलं.

चहा संपला आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पिकअप. पाटल्या. आष्टीतली खोली. ते हळू आवाजातले फोन. मी सगळं पाहिलं होतं, अगदी बारीक पाहिलं होतं, आणि सगळं उलटं वाचलं होतं. ज्याला भाव वाचता येतो म्हणून मिरवत होतो त्याला समोर बसलेला माणूस वाचता आला नव्हता. एजंटानं विचारलं, रिम पाहिजे का, शेजारी कागदाचं दुकान आहे. मी बायकोला काय सांगून आलो होतो ते त्याला कसं कळलं, म्हणून दचकलो. तर मघाशी बोलता बोलता मीच त्याला माझ्या दुकानाचं सांगितलं होतं.

परत आलो तेव्हा साडू वाघरीजवळ एकटाच बसला होता. मेंढरं चरायला गेली होती, जाळी रिकामी होती. मी शेजारी बसलो आणि सरळ म्हणालो, "पाव्हणं, गेवराईला गेलतो."

त्याला कळलं. बराच वेळ जाळीची गाठ सोडत आणि बांधत बसला.

"पिकअप गेली," तो म्हणाला. "तिच्या पाटल्या गेल्या. आता रानात पत्र्याच्या शेडात ऱ्हातो आमी. घरच्यांना अजून काई सांगितलं न्हाई. तिला म्हणलं, धोंडं खाऊन तरी येऊ."

"मग सोडून द्या की."

"होत न्हाई, साडूभाऊ. सकाळी उठलो की हात तिकडंच जातो." मग माझ्याकडं बघून तो जे बोलला ते मी अजून विसरलो नाही. "तुमची आयडी बंद झाली ना, तवा मी लई जळलो तुमच्यावर. म्हणलं, काय नशिबाचा माणूस हाय. ह्येला साइटच हाकलती. मला कुणीच हाकलंना."

आतून मेहुणीच्या हसण्याचा आवाज येत होता. बहिणी-बहिणी काहीतरी निवडत बसल्या होत्या. तिला काय काय माहीत आहे आणि ती इथं कशाच्या जोरावर हसते आहे, ह्याचा विचार मी पहिल्यांदा केला.

आता, आयडी बंद कशी पाडायची ह्या विषयात सगळ्या बीड जिल्ह्यात माझ्याएवढा अनुभव कुणाचा नसेल. मी म्हणालो, "मोबाइल इकडं द्या. आन पासवर्ड."

त्यानं दिला. मी तिथंच पासवर्ड बदलला आणि नवा त्याला सांगितला नाही. त्याच्या मोबाइलमधून साइट काढून टाकली. दुपारी परदेशातली कुठलीतरी मॅच होती. वाघरीच्या खुंटाला टेकून मी त्याच्या आयडीवर बसलो, तो शेजारी.

आणि काय सांगू! ती साइट लोण्यासारखी चालली. विकेट पडली तरी चक्र फिरेना. घेतलं की घेतलं, विकलं की विकलं. पैसे मागितले, चहा व्हायच्या आत आले. मी आयुष्यात अशी साइट पाहिली नव्हती. मला रडू यायचं बाकी होतं. हे सगळं, इतकी वर्षं, मिशी बघून पैसे लावणाऱ्या ह्या माणसाला मिळत होतं!

माजलगावला परतलो ते ती आयडी घेऊनच. ठरलं असं होतं की मी रोज माझ्या पद्धतीनं थोडं थोडं जिंकायचं, रोज झाडून काढायचं आणि साडूला पाठवायचं. साइट वैतागून आयडी बंद करेल आणि त्याचं नावही माझ्यासारखं एजंटांच्या ग्रुपवर फिरेल. मग त्याला जिल्ह्यात कुणी उभं करणार नाही.

पण दोन-तीन दिवसांत मला कळलं की ही आयडी जिवंतही ठेवता येईल. अधूनमधून मुद्दाम हरायचं. एखादा मूर्खासारखा सौदा करायचा. मग साइटला वाटेल, तोच जुना भोळा माणूस आहे. मी तसं केलंही. एक दिवस हरलो, दोन दिवस जिंकलो. साइट खूश, मी खूश. पैसे मी साडूलाच पाठवत होतो, एक पैसा ठेवत नव्हतो, पण मला पैशाचं नव्हतंच. ती साइट माझ्याशी कशी वागते ह्याची मला चटक लागली. माझ्या ज्ञानाची कुणीतरी पहिल्यांदाच किंमत करत होतं, भले दुसऱ्याच्या नावानं का असेना.

तिकडं साडूचे फोन सुरू झाले. आधी हालहवाल, मग, "साडूभाऊ, चालू हाय का बंद झाली?" मग एक दिवस, "नुसता बघायला पासवर्ड द्या की. लावत न्हाई, आईची शप्पत." त्याचा आवाज मी ओळखला. दुकानात लाइट गेली की प्रिंटर पुन्हा चालू व्हायची वाट बघताना मी स्वतःशीच तसा बोलतो. मी म्हणालो, न्हाई.

मग मेहुणीचा फोन आला. ती मला कधी फोन करत नाही. "दाजी," ती म्हणाली, "त्येंनी मला सगळं सांगितलं. त्येंची ती आयडी बंद झाली का हो? रोज इच्यारतात, चालू हाय का. चालू हाय तवर ह्येंचं चित्त थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

मी म्हणालो, होईल. ती म्हणाली, बरं. ठेवला फोन. ओरडली नाही, रडली नाही.

त्या आठवड्यात मी जसा खेळलो तसा कधीच खेळलो नाही. एकही मूर्ख सौदा नाही, जराही दया नाही. सकाळची मॅच, दुपारची मॅच, बायकांची, पोरांची, जी दिसेल ती. घेतलं, विकलं, काढलं. साइटला पहिला ठसका लागला तो एका विकेटवर. चक्र फिरायला लागलं. मग एक सौदा रद्द, भाव चुकून दाखवला गेला होता. मग "सर, प्रोसेसमध्ये आहे". एकेक जुनी ओळखीची माणसं वाटेत भेटावीत तसं ते सगळं भेटत गेलं. आणि एका सकाळी पासवर्ड चालेना. आत होतं नव्हतं ते साइटनं गिळलं. दुपारपर्यंत गेवराईच्या एजंटानं साडूला फोनवर आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि सांगितलं की ह्यापुढं कुणाकडं तोंड दाखवू नको.

साडूनं मला फोन केला. म्हणाला, "हाकललं, साडूभाऊ." आणि हसला, की रडला, फोनवर ते कळत नव्हतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. मला त्याच्यासाठी बरं वाटत होतं आणि त्या आयडीसाठी वाईट, दोन्ही खरं आहे. तशी आयडी मला पुन्हा मिळाली नाही. पुढं तर सरकारनंच हे सगळं बंद करायचा कायदा केला आणि मी पुन्हा पूर्णवेळ जातीच्या दाखल्यांवर आलो.

धोंड्याच्या त्याच वर्षी दिवाळीला आम्ही सगळे चकलांब्याला जमलो. साडू दुसऱ्याच्या टेंपोवर ड्रायव्हर म्हणून लागला होता. अंगावर थोडं मांस आलं होतं. मेहुणीच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या, पण ह्या वेळी मी त्या काचेच्याच बघितल्या.

घरच्यांना एव्हाना सगळं कळलं होतं. म्हणजे, सगळं नाही. सासरे भरल्या अंगणात म्हणाले, "धाकलं पाव्हणं चुकलं, पर सोताच्या हातानं सोडलं. मर्द गडी! येवढं सोपं न्हाई ते." मग त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "तुमी अजून त्या कंप्युटरवर असताव का? ह्येंच्याकडनं काईतरी शिका."

सासूबाईंनी मान डोलावली. माझ्या बायकोनंही डोलावली, तिला तर मी काहीच सांगितलं नव्हतं. साडूनं तोंड उघडलं आणि मी त्याच्याकडं असा डोळा वटारला की त्यानं ते मिटलं. सासरच्यांसमोर तो स्वतःच्या हातानं सोडणारा राहिलेला बरा होता. पण खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट होत होता. त्याचं हरणं माझ्या जिंकण्यापेक्षा भारी निघालं होतं आणि त्याचं सोडणंसुद्धा, जे मी केलं होतं, त्याच्याच नावावर लागलं होतं.

नवं घोंगडं ह्याही वेळी त्याच्याच खाली होतं. मी जुन्यावर बसायला वाकलो तेवढ्यात तो एका बाजूला सरकला, नव्या घोंगड्याची अर्धी जागा हातानं झटकली आणि म्हणाला, "साडूभाऊ, हिकडं बसा."

मी बसलो. हेही आधी त्यालाच सुचलं होतं.